बाटली लावण्याआधी रक्त घ्या

हातापायांतली ताकद अचानक गेलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं की आपल्याकडे सगळ्यांत आधी बाटली लागते. नातेवाइकांनाही तेच हवं असतं. थेंब पडायला लागले की घरच्यांच्या जिवात जीव येतो. मी नाशिकच्या पंचवटीत एका प्रयोगशाळेत रक्ततपासणीचं काम करते. मी डॉक्टर नाही. पण या बाटलीच्या आणि माझ्या हातातल्या नळीच्या क्रमाबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं मी मानते. आधी नळी भरावी, मग बाटली लावावी. हा क्रम उलटला की काही माणसांचा आजार वर्षानुवर्षं निनावी राहतो, आणि काहींचा तर त्या बाटलीनेच वाढतो.

मी म्हणते तो आजार असा असतो. रात्री पोटभर जेवून झोपलेला तरणाताठा मुलगा पहाटे लघवीला उठायला जातो आणि पाय उचलत नाहीत. मांड्या जड, मग दंड जड. शुद्ध पूर्ण असते, बोलणं स्वच्छ असतं, चिमटा काढला तर कळतो. फक्त उठता येत नाही. घरात रडारड होते, कुणी म्हणतं वारं गेलं अंगावरून, कुणी म्हणतं लकवा. उचलून गाडीत घालतात. काही तासांनी, फार तर एक-दोन दिवसांत, ताकद जशी गेली तशी परत येते आणि तो चालत घरी जातो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. डॉक्टर याला पिरियॉडिक पॅरालिसिस म्हणतात. तो घराण्यात चालत आलेला असू शकतो. बाप, काका, आत्या यांच्यापैकी कुणाला 'तसं व्हायचं' हे विचारल्यावर आठवतं. थायरॉइडचा स्राव वाढल्यानेही तो होतो. अगदी अशीच लक्षणं मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून गेल्यानेही दिसतात. या सगळ्यांचा पहिला धागा एकाच आकड्यात सापडतो. तो आकडा म्हणजे त्या वेळचं रक्तातलं पोटॅशियम.

'त्या वेळचं' या शब्दांवर माझा सगळा भर आहे. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात असतो तो उरलेला अगदी छोटा हिस्सा. लिटरमागे ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट ही त्याची नेहमीची पातळी. पिरियॉडिक पॅरालिसिसमध्ये पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, रक्तातून उठून स्नायूंच्या पेशींत शिरतं. ते आत ढकलणारं मोठं बळ म्हणजे इन्सुलिन. म्हणून झटका येतो तो बहुधा भरपेट गोडाधोडाच्या जेवणानंतर, किंवा दिवसभर राबून अंग टाकल्यावर. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, मालेगाव-सटाण्याकडे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. त्या रात्रीनंतरची पहाट अशा रुग्णाला नेमकी धोक्याची. काही तासांत पोटॅशियम पेशींतून परत बाहेर येतं, स्नायू चालू लागतात, आणि त्यानंतर घेतलेल्या रक्तात मला अगदी निरोगी माणसाचा आकडा दिसतो. रिपोर्ट नॉर्मल. फाईलवर शेरा पडतो, 'टेन्शन'.

आता बाटलीकडे येते. डेक्स्ट्रोजच्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ती थेट शिरेत गेली की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिनने उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत जातं, आणि पाय हलत नव्हते त्या माणसाचे हातही पडतात. अशक्तपणा म्हणून बाटलीबरोबर डेक्सा या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. स्टेरॉइडनेही हा झटका उसळू शकतो. दम लागतोय असं वाटून साल्ब्युटामॉलची वाफ दिली तर तेही पोटॅशियमला आतच ढकलतं. यातलं काहीही वाईट हेतूने होत नाही. समोर माणूस पडलाय, नातेवाईक अंगावर येतायत, काहीतरी करायला हवं, या घाईत होतं. रक्त काढायला मात्र एक मिनिट लागतं, आणि बाटलीसाठी सुई शिरेत गेलेलीच असते. त्याच सुईतून आधी पाच मिली रक्त काढून ठेवलं तर उपचाराला कणभर उशीर होत नाही.

पिंपळगाव बसवंतकडचा एक तरुण सांगते. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. पहिल्यांदा झालं तेव्हा गावातच बाटली आणि लाल इंजेक्शन झालं, संध्याकाळी बरा. दुसऱ्या वेळी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात भरती केला, पाठीच्या कण्याचा एमआरआय झाला, तो स्वच्छ. रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं गेलं, तोवर तो वॉर्डात फिरत होता. पोटॅशियम ४.१. त्याच्या आईला सांगण्यात आलं की मुलाला कामावर जायचं नाही, म्हणून हे सोंग. वडील त्याला भगताकडे घेऊन गेले. त्याचं वजन उतरलेलं, हात कापायचे, थंडीतही पंखा लागायचा, छातीत धडधड. घरचे म्हणत, पोराला नजर लागली. तिसऱ्या वेळी एका छोट्या दवाखान्यात पहाटे आणला तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरने बाटली जोडण्याआधी नळी भरली आणि नळीवर वेळ लिहिली. माझ्या मशीनवर १.८ आलं. मी नमुना पुन्हा चालवला, पुन्हा १.८. डॉक्टरांना फोन केला. ईसीजीवर कमी पोटॅशियमच्या खुणा होत्याच. मॉनिटर लावून पोटॅशियम क्लोराइडचं सिरप थोडं थोडं दिलं, संध्याकाळी तो उठून बसला. मग थायरॉइड तपासलं. टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉइडचा स्राव वाढलेला. थायरॉइडवर उपचार सुरू झाले, आणि तो ताब्यात आल्यावर झटके थांबले. थायरॉइडचा आजार बायकांत जास्त, पण त्यातून येणारा हा झटका मुख्यतः पुरुषांना, विशीपासून चाळिशीपर्यंत, आणि आशियाई लोकांत जास्त दिसतो. म्हणजे आपल्या गावागावांतले कर्ते मुलगेच. मूळ आजार बरा करता येतो, म्हणून तो न सापडण्याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्या सिस्टरचं नाव कुठल्याच रिपोर्टवर नाही. पण निदान तिने केलं, असं मी मानते.

नमुना घेतला की काम संपलं, असंही नाही. पोटॅशियम ही आमच्या कामातली सगळ्यांत नाजूक तपासणी आहे. रक्तातल्या लाल पेशी पोटॅशियमने भरलेल्या असतात. त्या फुटल्या की ते सगळं द्रवात उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. बारीक सुईने जोरात ओढलेलं रक्त, पिस्टन दाबून नळीत सोडलेलं रक्त, मोटारसायकलच्या डिकीत खड्ड्यांतून आदळत आलेलं रक्त, यांचा सीरम गुलाबी दिसतो. अशा नमुन्यात २.२ चं ३.६ व्हायला वेळ लागत नाही, आणि ३.६ पाहिलं की डॉक्टर पोटॅशियमचा विचारच सोडून देतात. दंडाला पट्टा बांधून रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावली तरी आकडा चढतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत पोटॅशियमचंच रसायन असतं. तिच्यातलं रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतलं तर पोटॅशियम आभाळाला भिडतं आणि कॅल्शियम तळाला जातं. काळजी घ्यायची म्हणून नळी तशीच फ्रिजमध्ये ठेवतात, त्यानेही पेशींतलं पोटॅशियम झिरपून बाहेर येतं. सीरम आधी वेगळा करायचा, मग थंड ठेवायचा. हे सगळं आमच्या डीएमएलटीच्या पुस्तकात आहे. पण नमुना घेणारे हात बहुतेक वेळा आमचे नसतात, ते रात्रपाळीच्या सिस्टरचे, वॉर्डबॉयचे, कधी डॉक्टरांचे असतात, आणि त्यांना हे कुणी बसून सांगत नाही. प्राथमिक केंद्रांतून नमुने गोळा करून गाडीने मोठ्या प्रयोगशाळेत न्यायची व्यवस्था साखर, हिमोग्लोबिनसाठी चांगली आहे. काही तासांत येऊन जाणाऱ्या झटक्यासाठी ती पुरी पडत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गीयाँ-बारे या नसांच्या आजाराची साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं घरोघरी पोचली. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले. रुग्णांच्या शौच-नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला सापडला, आणि बोट पाण्याकडे वळलं. त्या दिवसांत आमच्या काउंटरवरही पाय जड झालेला प्रत्येक माणूस विचारायचा, ताई, हे पुण्यासारखं तर नाही ना? प्रश्न रास्त होता. पण गीयाँ-बारे एका रात्रीत येऊन दुसऱ्या रात्री जात नाही. तो दिवसांमागून दिवस चढतो, कधी चार आठवड्यांपर्यंत, आणि उतरायला महिने लागतात. पहिल्या रात्री मात्र दोन्ही सारखे दिसू शकतात. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय दोन्हींत बहुधा उडत नाही. गीयाँ-बारेला इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो, शेतकऱ्याच्या घरात तो दागिने गहाण टाकून उभा राहतो. त्याआधी सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट आणि ईसीजी झालेला असावा, एवढं तरी हक्काने मागता आलं पाहिजे. दोन्हींना मिळून काहीशे रुपये लागतात.

लहान मुलांच्या बाबतीत आपण हे करून दाखवलेलं आहे. १९९७ पासून देशात पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की ती नोंद होते, मग कारण काहीही वाटो. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने थंड पेटीतून प्रयोगशाळेत जातात. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरचं मूलही त्यातून सुटू नये असा नियम आहे. देशातला वाइल्ड पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी हे काम थांबलेलं नाही. कुणाच्या हुशारीवर ते अवलंबून नाही. आशाताईपासून जिल्हा अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक आहे की लुळं मूल दिसलं की काय करायचं. त्याच मुलाच्या बापाचे पाय पहाटे गळाले तर मात्र काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. जो भेटेल त्याच्या अंदाजावर सगळं.

अंदाज चुकायला आमच्या जिल्ह्यात जागाही पुष्कळ. पावसाळ्यात त्र्यंबक, इगतपुरी, पेठ भागांत जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो. तिथे अशक्तपणा डोळ्यांपासून खाली उतरतो. पोटॅशियमच्या झटक्यात तो मांड्यांपासून सुरू होतो, डोळे आणि श्वास बहुधा शाबूत राहतात. निफाड-दिंडोरीत फवारणी करून आलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, स्नायूंची फडफड. एका बाजूचाच हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली तर तो मेंदूचा झटका. साडेचार तासांच्या बऱ्याच आधी सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचायचं, रिपोर्टची वाट पाहत थांबायचं नाही. पापण्या पडत असतील, श्वास उथळ झाला असेल तरीही थांबायचं नाही. मी रक्त आधी घ्या म्हणते, त्याचा अर्थ बाकी सगळं थांबवा असा कुणी घेऊ नये.

आणि कुणी घरच्या घरी पोटॅशियमही देऊ नये. या आजाराचा एक उलटा प्रकार आहे. त्यात झटक्याच्या वेळी पोटॅशियम वाढलेलं असतं. मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाचं तर दिलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. ज्याचं पोटॅशियम पेशींत लपलंय त्याला घाईने जास्त दिलं, तर झटका उतरताना लपलेलंही बाहेर येतं आणि आकडा दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून मोजायचं, मग द्यायचं, पुन्हा मोजायचं.

बागलाणमधल्या एका बाईंची फाईल माझ्या मनातून जात नाही. वर्षानुवर्षं त्यांना हे व्हायचं. सासरी ठरून गेलं होतं की कांदा काढायची वेळ आली की हिचे पाय जातात. कांदाकाढणी उन्हाळ्यातली, अंगमेहनत दांडगी, घामाने माणूस पिळून निघतो, तेव्हा अशक्तपणा वाढला तर त्याला कारण असेल, असं कुणाला वाटलं नाही. माहेरी नेऊन सोडण्यापर्यंत गोष्ट गेली. एकदा झटक्यात असताना त्यांचं रक्त आलं. पोटॅशियम २.३, आणि त्याच कागदावर तिसऱ्या ओळीत क्लोराइड वाढलेलं. क्लोराइडकडे सहसा कुणी बघत नाही. फिजिशियननी बघितलं. रक्त आम्लधर्मी, लघवी नको तेवढी अल्कधर्मी, डोळे कोरडे, तोंड कोरडं, मागे एकदा मुतखडा झालेला. मूत्रपिंडाच्या नलिकांना आम्ल बाहेर टाकता येत नव्हतं आणि पोटॅशियम वाहून जात होतं. मुळाशी श्योग्रेन नावाचा स्वतःच्याच ग्रंथींवर उलटणारा आजार निघाला. बायकांना हा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. सोडा आणि सायट्रेटची साधी औषधं सुरू झाली. औषधं स्वस्त आहेत, रोज घ्यावी लागतात. त्यांच्या नवऱ्याने काउंटरवर मला विचारलं, म्हणजे ही नाटक नव्हती करत? मी त्याला कागदावरचा आकडा दाखवला. त्याने तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, म्हणाला, आईला दाखवतो.

छोट्या दवाखान्यात बसून असं काम होत नाही, हे मी ऐकून घेत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या खेड्यांत विंचू चावलेल्या माणसांजवळ बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग जगापुढे मांडला. त्यांच्याकडे मोठी यंत्रं नव्हती. वेळ टिपून ठेवायची शिस्त होती.

आपल्या शहरात म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालं. राज्यातल्या अॅलोपॅथीच्या, आयुर्वेदाच्या, होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा आणि नर्सिंगचाही अभ्यासक्रम तिथून चालवला जातो. खेड्यात पहाटे दार वाजतं ते यांतल्याच कुणाचं तरी. विद्यापीठाने या सगळ्या शाखांच्या इंटर्नशिपमध्ये एक सकाळ प्रयोगशाळेसाठी ठेवावी, अशी माझी मागणी आहे. इंटर्ननी गुलाबी सीरम डोळ्यांनी बघावा, जांभळ्या आणि लाल टोपणाच्या नळ्यांतला फरक हातांनी शिकावा. जिल्हा परिषदेने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागात एक ओळ भिंतीवर लावावी, की अचानक हातपाय गळालेला कुणीही आला तर डेक्स्ट्रोज आणि स्टेरॉइडआधी इलेक्ट्रोलाइटचं रक्त आणि ईसीजी. इलेक्ट्रोलाइटचं छोटं यंत्र टेबलावर मावतं, आकडा काही मिनिटांत देतं. निदान उपजिल्हा रुग्णालयांत तरी ते रात्री चालू असलं पाहिजे, आणि चालवणारा माणूसही. माणूस नेमला नाही तर यंत्रावर कापड पडतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

नातेवाइकांनीही थोडं करावं. झटका आलेला असताना मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रण करा. पाय उचलायला सांगा, डोळे मिटायला-उघडायला सांगा. आदल्या रात्री काय खाल्लं, किती वाजता झोपला, किती वाजता लक्षात आलं, लिहून ठेवा. घरात आणखी कुणाला असं व्हायचं का, थोरल्यांना विचारा. बाटली लावायला येतील तेव्हा हात जोडून सांगा, डॉक्टर, आधी रक्त घेऊन ठेवा. पहिल्यांदा कुणी रागावेल. तरी सांगा.

आणि माझ्या सिस्टर मैत्रिणींना एक. तपासणीच्या फॉर्मवर उजव्या कोपऱ्यात 'नमुना घेतल्याची वेळ' असा रकाना असतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फॉर्मवर तो कोरा असतो. तो भरा, आणि त्याच्याखाली दोनच शब्द लिहा, 'झटका चालू' किंवा 'झटका उतरला'. त्यावरून मला नमुना आधी चालवायचा की रांगेत ठेवायचा ते कळेल, आणि ४.१ बघणाऱ्या डॉक्टरांना त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते.